टप्पा कुणी ठरवायचा?

यंदा मुक्ताबाईच्या पालखीबरोबर आपण चालायचं, असा ठराव आमच्या जालन्याच्या महिला मंडळाच्या बैठकीत एकमताने मंजूर झाला. एकमताने मंजूर झालेल्या ठरावाकडे जरा संशयानेच पाहावं, एवढं तरी इतक्या वर्षांच्या कामात मला कळायला हवं होतं. कारण लगेच पुढचा प्रश्न निघाला, "कुठून कुठवर चालायचं?" आणि त्यावर दोन तास गेले.

बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. पंढरीची वारी म्हटलं की वर्तमानपत्रांना आळंदी आणि देहू एवढंच दिसतं. मुक्ताबाईची पालखी जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून, तापीच्या काठावरून निघते, आषाढीच्या महिनाभर आधी. मलकापूर, बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजा करत ती जालन्यात येते. पुढे अंबड, वडीगोद्री, आणि शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. ज्ञानोबांच्या पालखीला आळंदीहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल आहे. धाकट्या बहिणीला जवळपास त्याच्या दुप्पट! सगळी वाट चालणाऱ्या बाया आहेत, नाही असं नाही. पण आपल्यासारख्या बहुतेकींना त्यातला एखादा तुकडाच निवडावा लागतो.

तर बैठकीत तीन सूचना आल्या. पहिली, गावाच्या वेशीवर पालखी गाठायची आणि शहरातून चार-पाच किलोमीटर चालायचं. मंडळाचा फलक धरायचा, फोटो काढायचा, संध्याकाळी स्वयंपाकाला घरी. दुसरी, अंबडच्या रस्त्याने काजळा फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून एस.टी.ने परत. तिसरी सूचना माझी होती. जालन्याहून निघायचं ते थेट शहागडच्या पुलापर्यंत, म्हणजे आपल्या जिल्ह्याची हद्द संपेपर्यंत, आणि मधे पालखी जिथे मुक्काम करील तिथे आपणही मुक्काम करायचा. पन्नास-साठ किलोमीटरचा प्रश्न.

माझी सूचना ऐकून सगळ्या गप्प झाल्या. मग एकेक अडचण निघू लागली. एकीचे गुडघे दुखतात. एकीच्या सुनेचे दिवस भरत आलेत. एकीच्या घरी सरकी लावायची आहे, पाऊस पडला की एक दिवस थांबता येत नाही. या सगळ्या खऱ्या अडचणी, मी त्यांना बहाणे म्हणणार नाही. पण दोन तास ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की पाय किती चालतील याबद्दल कोणीच फारसं बोलत नाहीये. ज्या बाईचे गुडघे दुखतात तीच काजळा फाट्यापर्यंत यायला तयार होती. सगळ्यांचं घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी, रात्री कुठे राहायचं?

एक मावशी शेवटी बोलली. "बाई, दिवसभर कितीबी चालवा. रात्रीचं सांगू नका. मालक म्हणतील, काहून? देवाला काय रातीचं भेटायचं असतं का?"

आम्ही हसलो. पण मावशीने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं होतं. मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे. वारीचा टप्पा आपण निवडत नाही. आपल्या वाट्याला कोणता टप्पा येईल हे घरातला पुरुष, गावातला संडास आणि पाळीची तारीख हे तिघे मिळून ठरवतात, आणि आपण त्याला 'मला एवढंच जमेल' असं नाव देतो.

पुण्या-मुंबईची नोकरदार मंडळी हल्ली वारीत एक दिवस चालतात. आयटीवाल्यांच्या दिंड्या निघतात. ते टप्पा कसा निवडतात? शनिवार-रविवार पाहून, आणि शक्यतो पुणे ते सासवड, कारण मधे दिवे घाट आहे, हिरवळ आहे, फोटो चांगला येतो. संध्याकाळी गाडी न्यायला येते. माझी त्यांच्यावर टीका नाही, चाललेलं केव्हाही बरं. पण तिला निवड म्हणतात. समोर दहा वाटा असतात आणि माणूस त्यातली आवडेल ती धरतो.

आता आमच्याकडची निवड पाहा. आमच्या गटातली एक वहिनी, पस्तिशीची, दरवर्षी पालखीबरोबर दोन दिवस चालते. कधी देऊळगाव राजा ते जालना, कधी जालना ते अंबड. मला वाटायचं, हिला नवनवी वाट चालायची हौस आहे. विचारलं तर म्हणाली, "कशाची हौस ताई? तारीख बघावी लागती." बोटांवर दिवस मोजायचे, पाळी कधी येणार ते पाहायचं, आणि तिच्या अलीकडचा किंवा पलीकडचा टप्पा धरायचा. एका वर्षी हिशेब जमला नाही. तेव्हा औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी मागितली का? कोणी नाही. परत आल्यावर बारा दिवस अंगावरून जात होतं, उभं राहवत नव्हतं. घरच्यांनी सांगितलं, देवाला फसवलंस म्हणून झालं!

या गोळ्या आपल्या भागात सणासुदीला, लग्नसराईला, श्रावणात आणि वारीच्या आधी किती सहज विकल्या जातात ते प्रत्येकीला ठाऊक आहे. हे हार्मोन आहे. ज्या बाईला रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास आहे किंवा यकृताचा आजार आहे तिला ते धोक्याचं ठरू शकतं, आणि डॉक्टरने तपासल्याशिवाय ते घेऊ नये. आपण आरोग्य शिबिरात हे सांगतो, बाया माना डोलवतात, आणि पुढच्या महिन्यात गोळ्या घेतात. का घेतात? विटाळ पाळणारं घर तर आहेच. पण त्याच्या जोडीला आणखी एक साधी गोष्ट आहे. रस्त्यावर कपडा बदलायला जागा नाही. समजा उद्या घरातल्या सगळ्यांनी विटाळ मानणं सोडून दिलं, तरी ही वहिनी अंबडच्या रस्त्यावर कुठल्या आडोशाला जाणार?

कीर्तनकार सांगतात की वारीत विटाळ-चांडाळ काही नाही, सगळे विठ्ठलाची लेकरं. फार छान. चोखोबांच्या बायकोने, सोयराबाईने, सातशे वर्षांपूर्वी आपल्या अभंगात विचारलं की विटाळातूनच सगळ्यांचे देह उपजतात तर सोवळा कोण? तो अभंग आजही कीर्तनात घेतात. घेणाऱ्या बुवांनी एकदा आपल्याच दिंडीतल्या बायांना विचारावं, की तुमच्यातल्या कितीजणींनी या वर्षी गोळ्या घेतल्यात? आणि दिंडीची रांगही एकदा नीट पाहावी. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा, आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळस आणि पाण्याची कळशी घेतलेल्या बाया. वजन आमच्या डोक्यावर, वीणा त्यांच्या गळ्यात. मुक्कामाला पोचल्यावर ते पाय चेपून घेतात आणि आम्ही पिठात हात घालतो.

रात्रीबद्दल बोलत होते, तिकडे परत येते. 'बाईने रात्री बाहेर राहू नये' हा नियम आपल्या जिल्ह्यात खरंच सगळ्यांना लागू आहे का? दसरा झाला की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा तालुक्यांतल्या गावांमधून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते. पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे चारला फडात उभं राहायचं, रात्री-अपरात्री गाडी आली तर मोळ्या डोक्यावर घेऊन भरायच्या. तिथे दार नाही, न्हाणी नाही, संडास नाही. तेव्हा कोणी म्हणतं का, की बाईमाणूस आहे, रात्रीची बाहेर कशी राहील? उलट पाळी आली म्हणून खाडा केला तर मुकादम पैसे कापतो.

या खाड्याचा शेवट कुठे झाला ते आपल्या शेजारच्या जिल्ह्याने पाहिलंय. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच नको, म्हणजे खाडा नको! वारीसाठी गोळी आणि कोयत्यासाठी ऑपरेशन. दोन्हीकडे रस्ता तसाच राहतो आणि बाईचं शरीर त्याच्या मापाने कापलं जातं.

म्हणून मला मालकांच्या काळजीचं कौतुक वाटत नाही. मजुरीसाठी सहा महिन्यांच्या रात्री चालतात. स्वतःच्या मनाने चालायच्या दोन रात्री चालत नाहीत. ज्या रात्रीतून घरात पैसा येतो ती रात्र धोक्याची नसते, असा हा हिशेब आहे.

आता सरकारकडे येऊ. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या दोन पालखी महामार्गांचं चौपदरीकरण करायचं, दोन्ही बाजूंना वारकऱ्यांना चालायला वेगळी वाट ठेवायची, असं ठरलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. २०२२ साली राज्य महिला आयोगाने 'आरोग्य वारी' सुरू केली. वाटेवर बायांसाठी स्वच्छतागृहं, सॅनिटरी पॅड, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष. हे चांगलं झालं, आणि बायांनी वर्षानुवर्षं ओरड केली म्हणून झालं. २०२४ मध्ये सरकारने दिंडीमागे वीस हजार रुपये जाहीर केले. पण हा सगळा झोत पडतो तो पुण्याकडच्या रस्त्यांवर, जिथे कॅमेरे आहेत. देऊळगाव राजा ते जालना, अंबड ते शहागड या रस्त्यावर काय आहे? वडीगोद्रीचा परिसर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या उपोषणामुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला, मोठमोठे पुढारी गाड्या घेऊन धावत आले. त्याच रस्त्याने दर वर्षी मुक्ताबाईबरोबर शेकडो बाया चालत जातात. त्यांच्या लघवीचा प्रश्न कुणाच्या भाषणात आला नाही. आणि दिंडीमागे पैसे देताना एक साधी अट घालता आली असती, की हिशेबात बायांच्या आडोशाचा खर्च दाखवा. मंडपाचा, गाडीचा, लाउडस्पीकरचा खर्च दिसतोच की.

आता आपल्यातल्या काही मैत्रिणींशी भांडायचं आहे. बैठकीनंतर मला एका जुन्या कार्यकर्तीचा फोन आला. "आपण एवढी वर्षं देवा-धर्मातून बायकांना बाहेर काढायचं म्हणतो, आणि तू त्यांना वारीला नेतेस?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतः देवळात जात नाही. वारीत जात गळून पडते ही गोष्ट किती खरी किती खोटी तेही मला माहीत आहे. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या, त्यावर त्यांनी 'वाटचाल' लिहिलं, त्यात वेगवेगळ्या जातींच्या वेगवेगळ्या पंगती त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिल्यात. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपायला २०१४ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागलं. तेव्हा पंढरीला आपोआप समता नांदते असं कोणी सांगू नये.

पण मला त्या मैत्रिणीला उलट विचारायचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकरी, शेतमजूर बाईला घराबाहेर, स्वतःच्या पायांनी, कुणाचं काम न करता, दहा-वीस दिवस चालायची दुसरी कुठली सबब समाजाने ठेवली आहे? माहेर? तिथे भाऊ न्यायला येतो, नवरा आणायला येतो. बाजार? तो संध्याकाळी संपतो. आपला मोर्चा? आपल्या मोर्चाला किती बाया घरी 'बचत गटाचं काम आहे' असं सांगून येतात ते तुला आणि मला दोघींना माहीत आहे. एक वारी तेवढी उरते, जिला नाही म्हणताना सासूचीही जीभ अडखळते. ती जागा आपण सोडून दिली तर तिथे कोण येऊन बसेल, आणि बायांना काय सांगेल, हे गेल्या काही वर्षांत आपण पाहिलंच आहे. तू टाळ वाजवू नकोस. पण रात्री तिच्या शेजारी अंथरूण टाक.

आणि पालखी कुणाची आहे तेही पाहा. हिच्या भावाने जगावर रुसून ताटी लावून घेतली तेव्हा बाहेर उभी राहून त्याला समजावणारी ही मुलगी. म्हाताऱ्या चांगदेवाने हिला गुरू केलं. परंपरा सांगते की १२९७ साली तापीकाठी वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, तेव्हा ती विशीचीही नव्हती. घरदार नसलेली, वाळीत टाकलेली पोर, आयुष्यभर पायी फिरली. तिच्या पालखीमागे चालताना आपण दिवेलागणीला घरी पोचायची चिंता करायची!

तर शेवटी काय झालं ते सांगते. ठराव एकमताने करणाऱ्या बत्तीसजणींपैकी वेशीवर फलक धरायला अठरा आल्या. काजळा फाट्यापर्यंत चौदा. मुक्कामाला राहिलो नऊ. त्या नवांत 'देवाला काय रातीचं भेटायचं असतं का' म्हणणारी मावशी होती. मालकांना काय सांगितलं विचारलं तर म्हणाली, "काही नाही सांगितलं. भाकरी करून ठेवल्या दुरडीत."

मुक्काम एका शाळेच्या व्हरांड्यात झाला. शाळेला दोन संडास होते, एक मुलींचा, एक मुलांचा. दोन्हींना कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो गावाला गेलेला. आम्ही चौकशी केली तर एक गृहस्थ म्हणाले, "उघडलं असतं, पण घाण होते." नऊजणी आणि दिंडीतल्या साठेक बाया रात्री तीनला उठलो, पुरुष जागे व्हायच्या आत, आणि मोबाइलच्या उजेडात बांधाच्या कडेने गेलो. पाऊस पडून गेला होता, चिखलात पाय रुतत होते. एका म्हातारीला धरून न्यावं लागलं. ती मला म्हणाली, "माय, मी सांच्यापासून पाणी पेले नाही, तरी उठावं लागतंच." बावीस वर्षं ती वारी करते. बावीस वर्षं ती दुपारनंतर पाणी पीत नाही.

परत येऊन झोपलो नाही. व्हरांड्यात बसून राहिलो. कोणी तरी चुलीवर चहा ठेवला. गोळ्या घेणारी ती वहिनी या वर्षी मुद्दाम तारखेतच आली होती, कापडाचा आडोसा आणि काठ्या आम्ही घरून नेल्या होत्या. दोन साड्या, चार काठ्यांची खोबण, खर्च शून्य. दुसऱ्या रात्री दिंडीतल्या बायाच तो आडोसा मागायला आल्या, आणि सकाळी निघताना एकीने तो आपल्या तुळशीबरोबर गुंडाळून घेतला. आम्ही परत मागितला नाही.

शहागडच्या पुलावर आम्ही थांबलो तेव्हा नवांतल्या सात होतो. दोघींचे पाय सुजले होते, त्यांना अंबडहून एस.टी.त बसवून दिलं. त्यांना कमीपणा वाटू नये, वाट त्यांनीच निवडली होती.

पुढच्या वर्षी आम्ही उलट्या बाजूने, देऊळगाव राजाहून जालन्यात येणार आहोत, दोन मुक्काम धरून. त्याआधी जिल्हा परिषदेकडे आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींकडे अर्ज द्यायचे आहेत, की पालखीच्या दिवसांत शाळेच्या संडासाची किल्ली गावातल्या बचत गटाकडे राहील आणि पाणी भरलेलं असेल. गटाला त्याची मजुरी मिळेल. मलकापूर, बुलडाणा, चिखली, गेवराई, बीड या वाटेवरच्या गटांना विनंती आहे. आपापल्या हद्दीतल्या मुक्कामाच्या गावी एकदा जाऊन या आणि आम्हाला कळवा, बाया कुठे झोपतात, रात्री कुठे जातात, किल्ली कुणाकडे असते. फाल्गुनाच्या आत कळलं तर अर्ज एकत्र देता येतील.